चौदा नंबरचं मशीन

दुपारचा एक वाजला की त्या खोलीत डब्यांची झाकणं वाजायची. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची लहानशी खोली, चार खुर्च्या, चार पडदे. पडद्यांवर गरोदर बायकांची नावं. सगळ्या जोखमीच्या, पण आपापल्या घरी. दिवसातून दोनदा त्यांनी एक पट्टा दंडाला बांधायचा, एक पोटाला, की त्यांचं बीपी आणि बाळाचे ठोके इथे उमटायचे. खाली एक चौकट असायची, काही त्रास होत असेल तर लिहायला.

त्या दुपारी बाकीच्या जणी खाली जेवायला गेल्या होत्या आणि सिस्टर एकट्याच बसल्या होत्या. त्यांचा डबा वर्षभर दुपारचा उघडला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "भूक नाही गं."

खरं कारण म्हणजे चौकशीबाई. हे नाव खोलीनंच ठेवलेलं. ती बाई त्रासाच्या चौकटीत त्रास सोडून बाकी सगळं लिहायची. 'आमच्या मांजरीला चार पिल्लं झाली, तिला कसलंही मशीन लागलं नाही.' आणि रोज एक वाजता न चुकता, 'सिस्टर, जेवलात का?' सगळ्या खो खो हसायच्या. पेशंट कोण नि नर्स कोण, तेच कळेनासं झालं होतं. किती गोड दिवस होते ते! तिच्या बाळाचे ठोके नेहमी एकशे बेचाळीस. घड्याळ लावून घ्यावं असे.

मग एका दुपारी तिचं बीपी चढलेलं आलं. नियमाप्रमाणे सिस्टरांनी फोन केला. "डाव्या कुशीवर पडून राहा, अर्ध्या तासानं पुन्हा मोजा."

"मला काही होत नाहीये हो. तुम्ही तोवर जेवून घ्या," ती म्हणाली होती.

आणि सिस्टर जेवल्या होत्या. अर्ध्या तासानं पडद्यावर काहीच आलं नाही. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. नियम पाळला होता, त्यामुळे कोणी बोल लावला नाही. सिस्टरांच्या मनातून मात्र तो अर्धा तास कधी गेला नाही. तिचं नाव पडद्यावरून काढायचं काम त्यांचंच होतं. पण हात धजावला नाही.

आज तेच नाव लाल झालं होतं. वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं एकशे बारा.

सिस्टरांनी स्वतःलाच दटावलं. जुनं नाव न काढता तिचं चौदा नंबरचं मशीन दुसरीला दिलं की असं व्हायचंच. चूक आपलीच. त्यांनी भांडारातल्या काकांना फोन लावला.

"काका, चौदा नंबरचं मशीन कोणाकडे आहे?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "चौदा... शिवणवाल्या बाईंच्या नावावर टाकलंय. सोमवारीच. आठवा महिना आहे त्यांना."

शिवणवालीचा फोन नुसता वाजत राहिला. दोनदा, तीनदा. नियम सांगत होता, अर्धा तास थांबा. तेवढ्यात चौकटीत एकेक अक्षर उमटू लागलं.

'सिस्टर... जेवलात का?'

सिस्टरांनी रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला, शिवणवालीचा पत्ता दिला. "आत्ताच्या आत्ता निघा. नाही, थांबायचं नाही... मी सांगतेय ना!"

दार तोडावं लागलं. शिवणवाली शिलाई मशीनशेजारी झटके येऊन पडली होती. आणखी दहा मिनिटं गेली असती तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. चारच्या सुमारास मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप.

सगळ्या जणी मुलगी बघायला धावल्या, आणि काका ओशाळून वर आले. हातात खोका होता.

"सिस्टर, माझं चुकलं. नावावर टाकलं, पण न्यायला कोणी आलंच नाही. हे मशीन कपाटातच होतं..."

"मग आकडे कुठून आले, काका?"

"यात तर सेलसुद्धा नाहीत," काका हळूच म्हणाले, आणि खोका टेबलावर ठेवून लगबगीनं निघून गेले.

सिस्टरांनी दंडाचा पट्टा बाहेर काढला. तो उबदार होता, कोणाच्या तरी अंगावरून आत्ताच सोडल्यासारखा. त्यांना रडू कोसळलं. बऱ्याच वेळानं डोळे पुसून त्यांनी डबा उघडला.

"जेवते गं," त्या म्हणाल्या.

पहिला घास तोंडात असतानाच समोर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. टेबलावरचा पट्टा गोल वळला होता आणि हळूहळू फुगत होता, मधे दंडाएवढी जागा ठेवून. पडद्यावर, त्या नावाखाली, बाळाचे ठोके उमटले. एकशे बेचाळीस.