पटावरची विसावी

लाइट येईपर्यंत सांगतो, पण मध्ये कुणी खिदळायचं नाही. ही माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही. दोन थांबे पुढच्या गावात हेडमास्तर होता. येता-जाता पोरांची डोकी मोजायचा, म्हणून गाव त्याला बेरीज मास्तर म्हणायचं.

बिचारा मोजणार नाही तर काय करणार? कुठल्याही सरकारी शाळेत मूल घालायची मुभा मिळाली आणि हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेची बस थेट गावात यायला लागली. आईबाप दाखले मागायला दारात उभे. पट विसाच्या खाली गेला की शाळा बंद, असा नियम. पट नेमका विसावर आला, तेव्हा शिंपीणबाई आपल्या तिसरीतल्या मुलीचा दाखला मागायला आली.

मास्तर म्हणाला, "ताई, सोमवारी या."

सोमवारी म्हणाला, "पुढच्या सोमवारी बघू."

तेवढ्यात पोरीला ताप भरला आणि ती गेली.

मास्तर रडला, खोटं कशाला बोलू. पण पटावरून तिचं नाव काही त्याने काढलं नाही. रोज हजेरीला तिचं नाव पुकारायचा आणि पोरांपैकी कुणीतरी "हजर" म्हणायचं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सगळे गप्प. पुढे वर्ष सरता सरता त्याच गावाने एकेक करून दाखले नेले, आणि शाळा बंद करायचा हुकूम आला.

तीस एप्रिलची रात्र. शिक्के, दाखल्यांचं पुस्तक, सगळं दुपारीच शिक्षण खात्याच्या मोठ्या ऑफिसात जमा करून मास्तर घरी जेवायला बसला होता. शेजारी सांगत आला, "शाळेची खिडकी आपटतेय हो." किल्ली अजून मास्तरकडेच होती. हात धुतला, बॅटरी घेतली आणि निघाला. दहा वाजले असतील.

कुलूप उघडलं. वर्गात शिरला. खिडकी लावली. वळला...

ती बाकावर बसलेली.

गणवेशात. दप्तर मांडीवर.

"गुरुजी, बाकीचे कुठे गेले?"

मास्तर कसाबसा म्हणाला, "मोठ्या शाळेत, बाळा."

"मग मी?"

"तू... तूपण जा. मी सोडलं तुला."

ती उठली. दारापर्यंत आली. थांबली.

"दाखला? त्याच्याशिवाय तिथे घेत नाहीत. आई म्हणाली होती."

मास्तरने खिसे चाचपले. खिशात काय असणार? "हाताने लिहून देतो," म्हणाला.

"शिक्का लागतो, गुरुजी."

शिक्का नव्हता. शाळाच नव्हती. मग हेडमास्तर तरी कुठला?

ती परत फिरली. बाकावर बसली. दप्तर पुन्हा मांडीवर.

"सोमवारी द्याल?"

मास्तर मागे मागे सरकला. बाहेर आला. कुलूप लावलं.

नंतर तो ऑफिसात हेलपाटे घालत राहिला. साहेबाने त्याला खालून वर न्याहाळलं. म्हणाला, "बंद शाळेचा दाखला देता येत नाही, मास्तर. आणि मेलेल्या मुलीचा तर नाहीच. घरी जा, विश्रांती घ्या." मास्तर घरी गेला. अजून घरीच आहे. बोलत नाही फारसा. आम्हीही विचारत नाही.

शाळेला तेव्हापासून तेच कुलूप आहे. हवं तर उजाडल्यावर जा आणि खिडकीच्या फटीतून बघा. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा पट लिहायची रीत असते ना, तिथे कुणीतरी कच्च्या, मोठ्या अक्षरात लिहितं. पट एक. हजर एक.

वर तारीख असते. ती रोज बदलते.

रविवारीसुद्धा.