भिंतीवर आपटलेला बेडूक

एप्रिलमधल्या गारा सुरू झाल्या तेव्हा टेक्ला चौकातून सायकल दामटत होती आणि सायकलच्या मागच्या टोपलीत बेडूक होता. खरा नव्हे – रबराचा, भोपळ्याएवढा, पाच आठवडे खपून केलेला. पोट भरायचं राहिलं होतं म्हणून आतून पोकळ. बेकरीच्या छपराखाली शिरून तिनं मागं पाहिलं, तर टोपली रिकामी! आणि गारांच्या माऱ्यातून एक लंबूटांग माणूस तोच बेडूक टोपीसारखा डोक्यावर चढवून धावत येत होता.

"काढा तो! आधी काढा!" टेक्ला ओरडली.

"तुमचा आहे का? रस्त्यात पडला होता." तो हसत तिच्याशेजारी अंग चोरून उभा राहिला. "गारा लागत होत्या… आणि हा मोकळाच होता, म्हणून—"

"अहो, आतला गोंद ओला आहे!"

त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. बेडूक डोक्यावरून निघेना.

प्रेमकथेत नायक फुलं घेऊन येतो म्हणतात. हा बेडूक घालून आला, आणि तोही दुसऱ्याचा.

टेक्ला सिनेमांसाठी बाहुल्या आणि सोंगं बनवायची. तिचं कामाचं ठिकाण म्हणजे एक बंद पडलेलं खाटकाचं दुकान. जिथं पूर्वी डुकराच्या तंगड्या लटकायच्या, त्या आकड्यांवर आता तीन बुटके, एक चेटकीण आणि एक लांडगा लोंबकळत असत. तिथं तिनं त्याला स्टुलावर बसवलं आणि कात्री काढली.

"फार कापू नका हं," तो कळवळून म्हणाला.

"मला बेडूक वाचवायचाय. तुमचे केस परत उगवतील."

"तुम्ही सगळ्यांशी एवढ्या प्रेमानं बोलता, की मी कुणी खास आहे?"

"हलू नका. कान जवळ आहे."

खरं तर तिला हसू येत होतं. त्याच्या ओल्या कोटाला कॉफीचा वास होता, मान लांब आणि पोरकट होती. तिचा हात उगाचच जरा सावकाश चालायला लागला…

"मी हेनिंग," तो म्हणाला. "कोलोनहून आलोय. तुमच्या गढीत तो सिनेमा चाललाय ना, बेडूक-राजाची टिंगल? त्याची पटकथा दुरुस्त करायला बोलावलंय मला."

कात्री थांबली.

"म्हणजे शेवटी तो मुका घातलात, ते तुम्ही?"

"हो! आवडला का तुम्हा—"

"उठा," टेक्ला म्हणाली. "उठा माझ्या स्टुलावरून."

आता इथं सांगायलाच हवं, कारण बाहेरच्या लोकांनी या गोष्टीचा पार विचका केला आहे. बेडकाचा मुका घेतला की राजपुत्र होतो, हे खूळ कुणी काढलं देव जाणे. ही गोष्ट मूळची आमच्या हेसन प्रांतातली; इथल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, ते खरं सांगेल. विहिरीतून सोन्याचा चेंडू काढून दिला एवढ्यावर तो बेडूक राजकन्येच्या ताटात जेवतो, तिच्या उशीवर हक्क सांगतो. बाप म्हणतो, चेंडूच्या बदल्यात सोबत राहू देईन असं वचन दिलंस ना, मग पाळ. तेव्हा तिचं डोकं फिरतं. ती त्याला तंगडीला धरून भिंतीवर आपटते. थाड! आणि तेव्हा कुठं त्याचा माणूस होतो.

टेक्ला लहानपणापासून तापट. शाळेत बाई म्हणायच्या, जरा गोड बोलावं. आई म्हणायची, अशानं कोण टिकणार तुझ्याजवळ. आणि गेल्या वर्षी, ज्याच्याबरोबर तीन वर्षं राहिली तो सामान बांधताना म्हणाला होता, "तू चांगली आहेस गं, पण तुझा राग…" वाक्यही पुरं केलं नाही मेल्यानं. बाकीच्या गोष्टींत मुली झोपतात, रडतात, वाट बघत बसतात. रागावली म्हणून भलं झालं अशी ही एकटीच. टेक्लाला जगात तेवढा एक आधार होता, आणि तो या लंबूटांगानं एका ओळीत खोडून टाकला होता.

"हा बेडूक मी आपटण्यासाठी केलाय!" ती म्हणाली. "पोटात चेरीच्या बिया भरणार आहे, भिंतीवर आदळल्यावर डोळे फिरवत हळूहळू खाली घसरावा म्हणून. त्रेचाळीस वेळा नमुना आपटून पाहिलाय त्या भिंतीच्या फरश्यांवर. डाग बघा!"

"निर्मात्यांचं म्हणणं पडलं, बाहेरच्या प्रेक्षकांना मुकाच ठाऊक असतो…"

"आणि तुमचं म्हणणं?"

"माझं…" हेनिंग आकड्यावरच्या लांडग्याकडे बघत राहिला. "मला भांडणं जमत नाहीत."

"मग लिहिता कशाला?"

अर्धवट कापलेल्या केसांनिशी तिनं त्याला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. हातात बेकरीतल्या भुरभुऱ्या केकचे दोन तुकडे, डोक्यावर लोकरी टोपी.

"राग उतरला का?"

"नाही."

"मग उद्या येतो."

"उद्या कशाला?"

"बघायला… उतरला का ते."

केक मात्र ती ठेवून घ्यायची. तो रोज यायला लागला आणि रोज भांडण व्हायला लागलं. सिनेमा तसा महाफालतू होता. राजा गाड्या धुण्याचं दुकान चालवतो, सोन्याचा चेंडू वजनानं विहिरीचा तळ फोडतो, आणि बेडूक विहिरीतून बाहेर पडण्याआधी नगरपालिकेचा शिक्का मागतो, तोही तीन प्रतींवर. अशा सिनेमांना शहाणे लोक नाकं मुरडतात आणि नाताळात घरच्यांबरोबर बसून पोट धरून हसतात. हेनिंग एकेक प्रसंग वाचून दाखवायचा. टेक्ला रागात असूनही फस्सकन हसायची, मग हसल्याबद्दल अजून चिडायची. शूटिंगवर सगळे पहिल्या दिवसापासून एकमेकांना अरे-तुरे करत. टेक्लानं हेनिंगला मात्र हट्टानं 'तुम्ही'वर ठेवलं होतं.

"तुम्हाला राग येतच नाही का हो कधी?" एकदा तिनं बिया भरता भरता विचारलं.

"येतो की. घरी गेल्यावर येतो. तेव्हा तिथं कुणी नसतं."

तिनं मान वर करून पाहिलं. तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. त्याच्या बाहीवर एक बी अडकली होती. ती तिनं काढली… आणि हात काढून घ्यायला जरा उशीरच झाला.

"सोमवारी वाचन आहे," तो हळूच म्हणाला. "मी बिर्गिटला सांगतो. मुका नाही, आपटायचंच. शब्द देतो."

बिर्गिट म्हणजे दिग्दर्शिका. सोमवारी गढीच्या दिवाणखान्यात लांब टेबलाभोवती सगळे कागद घेऊन बसले. टेक्ला बेडूक घेऊन भिंतीशी उभी होती. शेवटचं पान आलं. हेनिंगनं घसा खाकरला.

"काय रे, काही बोलायचंय?" बिर्गिटनं विचारलं.

"हो… म्हणजे…" त्यानं टेबलाभोवतीचे चेहरे पाहिले. "नाही. मुकाही तसा गोडच आहे."

गोड! टेक्लाच्या डोक्यात तिडीक गेली. इतकी माणसं बसली आहेत, काम मिळालंय ते जाईल, काही काही तिच्या मनात आलं नाही.

"गोड काय रे, भित्र्या!" तिनं बेडूक तंगडीला धरला आणि हेनिंगच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीवर भिरकावला.

थाड!

बेडूक क्षणभर भिंतीला चिकटून राहिला. मग एक डोळा फिरला, मग दुसरा, आणि चेरीच्या बिया खुळखुळवत तो बोटाबोटानं खाली घसरला. सगळं टेबल हसून हसून आडवं झालं. एकटा हेनिंग हसला नाही.

"हेच हवंय! हेच घ्यायचं!" बिर्गिट डोळे पुसत म्हणाली. "आणि मग तिला वाईट वाटतं. ती रडत रडत त्याला उचलते, माफी मागते, मुका घेते. दोन्ही साधलं. पोरगी फार कजाग वाटायला नको."

टेक्ला दाराकडे वळली. तेच ते. रागव बाई, पण मग पाया पड.

"नाही," कुणीतरी म्हणालं.

हेनिंग उभा राहिला होता. कान लालबुंद, हातातले कागद चुरगळलेले.

"ती माफी मागणार नाही!" त्याचा आवाज चिरकला. "तो तिच्या ताटात जेवला, तिच्या खोलीत घुसला, आणि माफी तिनं मागायची? कशाबद्दल? मी नाही लिहिणार. दुसरा लेखक बघ!"

"बरं बाबा, नको माफी. मुकाही नको," बिर्गिट चकित होऊन म्हणाली. "पण एवढा ओरडतोस काय?"

"कारण मला राग आलाय!"

टेक्ला तोवर बाहेर निघून गेली होती. त्याचं ओरडणं तेवढं तिनं जिन्यावरून ऐकलं. अंगणात बारीक पाऊस लागला होता. हेनिंग कोट न घालताच मागं धावला.

"टेक्ला, थांब!"

"आधी काय तोंडात बोळा कोंबला होता? शब्द दिला होतास!"

"घाबरलो."

"मुका गोड आहे म्हणे!"

"चुकलो."

"मी अजून रागावलेली आहे. आज नाही उतरायचा हा. उद्याही नाही, सांगून ठेवते!"

"बरं."

"बरं काय बरं?"

"मी तो उतरायची वाट बघत नाहीये." पावसाचं पाणी त्याच्या नाकावरून ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. "रोज विचारायचो ते नुसतं निमित्त होतं गं. उतरला असता तर मी काय सांगून परत आलो असतो? सगळे माझ्याशी गोड बोलतात, टेक्ला. माझं म्हणणं काय, हे तू एकटीनं विचारलंस, आणि तेही कात्री हातात घेऊन… मला तू आवडतेस. आत्ता, अशी, ओरडतेस तशी."

आजवर ज्यांनी ज्यांनी टेक्लावर प्रेम केलं, ते ती शांत होईपर्यंत दाराबाहेर थांबून. आपण आता रडणार असं तिला वाटलं, आणि त्याचाही तिला भयंकर राग आला. तिनं त्याची ओली कॉलर मुठीत धरली.

"पुढच्या वेळी वेळेवर बोलायचं!"

"पुढची वेळ…" हेनिंग अडखळला. "आहे?"

"आहे!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की वरच्या खिडकीतून बिर्गिटनं डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "आता काय झालं?"

तिला उत्तर मिळालं नाही. दोघांचीही तोंडं मोकळी नव्हती.