डावीकडचा जिना

जुन्या घरांचं ते संग्रहालय पाहायला दोघी दुपारच्या निघाल्या, त्या केवळ नणंदेच्या हट्टापायी.

"दादानं उभं केलेलं शेवटचं घर, आणि तू अजून पाहिलं नाहीस? कमाल आहे वहिनी तुझी!"

वहिनी नुसती चालत राहिली. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्याच्या हातचं काम पाहायचं धैर्य तिला होत नव्हतं. तो तिथला सुतार. पडायला आलेली घरं उतरवायची, प्रत्येक तुळईवर आकडा घालायचा आणि ती या माळावर पुन्हा जशीच्या तशी जोडायची, यात त्याचा जन्म गेला.

ते घर माळाच्या अगदी टोकाला होतं. आभाळ भरून आल्यामुळे दिवस असून अंधारलं होतं. नणंद भरभर आत शिरली, वहिनी दाराशीच रेंगाळली. रखवालदारानं तिला ओळखलं.

"मिस्त्रींच्या घरच्या ना तुम्ही? भला माणूस. फक्त या घरात चुकले बघा. आकडे घातले आतून बघून आणि जोडलं बाहेरून बघून. उजवीकडचा जिना गेला डावीकडे!"

ती किंचित हसली. "आमचा नळही उलटाच बसवलाय. पण चूक कबूल करतील तर शपथ!"

"ते गेल्यावर आम्ही जिना उजवीकडे नेला. डावीकडे आता नुसती भिंत. वर फळ्या कच्च्या आहेत, म्हणून जिन्याच्या दाराला कुलूप असतं."

ती आत गेली. जुन्या लाकडाचा कोंदट वास, आणि त्यात ताज्या भुशाचा, नवऱ्याच्या सदऱ्याला यायचा तसा. नणंद कुठंच दिसेना. मग डोक्यावर फळी करकरली.

"वन्सं...?"

"वर ये ना, वहिनी." आवाज डाव्या भिंतीच्या वरून आला. "दादा आहे इथं. किती वाळलाय गं..."

तिच्या मागोमाग आत आलेल्या रखवालदारानं उजवीकडे पाहिलं. कुलूप जागच्या जागी होतं. तो किल्ली चाचपू लागला.

"वहिनी, लवकर ये... तू आल्याशिवाय मला सोडणार नाही म्हणतो."

वहिनी भिंतीपाशी गेली. पाऊल आपसूक उचललं गेलं. समोर काहीच नव्हतं, पण पायाखाली पायरी लागली. गुळगुळीत, रंधा मारलेली. वर जावं असं तिला फार वाटलं. पण नणंदेची लेक घरी आईची वाट पाहत होती. तिनं पाऊल मागे घेतलं.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "मी येत नाही. त्यांना खाली पाठवा."

वर कुणीतरी उठलं. मग सगळं शांत.

रखवालदारानं कुलूप उघडलं. दारामागे, खालच्या पायरीवर नणंद बसली होती. अंग बर्फासारखं गार. वहिनीनं तिला कवटाळलं, तशी ती अंग चोरून मागे सरली.

"कोण... कोण तुम्ही?"

"अहो वन्सं, मी. वहिनी."

"वहिनी वर आहे." नणंद तिच्याकडे एकटक पाहत राहिली. "आत्ताच आली. दादाजवळ बसलीये."

तेवढ्यात वरून वहिनीच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं,

"वन्सं, जाताना दार लावून घ्या हं. यांना वारा बाधतो."