आठल्येबाईंचा हात

मिरजेच्या त्या मेंदू-प्रयोगशाळेत भैरू खोत खुर्चीत बसून इंग्रजी क्रियापदांचे नियम म्हणत होता आणि त्याचा डावा हात शेजारची मोकळी हवा थोपटत होता.

"शेवटी मुका ई असला की नुसता डी. बेक, बेक्ड. व्यंजनानंतर वाय आला की वायचा आय करायचा, मग ईडी. कॅरी, कॅरीड. प्लॅनसारखा आखूड शब्द असला की शेवटचं अक्षर दोनदा. प्लॅन्ड, डबल एन."

जन्मभर एसटी चालवलेला, इंग्रजीच्या वाटेला कधी न गेलेला हा माणूस, पण एक चूक करील तर शपथ! हात मात्र थांबता थांबेना.

"आवो मॅडम, ह्यो हात माझा हाय का दुसऱ्याचा?" तो कुरकुरला. "जेवताना बी चालतोय. खांदा सुजलाय बघा."

डॉ. वैजयंती आठल्ये त्या हाताकडे बघत होती. नियम तिच्या आईचे होते. अख्खा गाव जिला टरकून असे ती आठल्येबाई हेच नियम शिकवता शिकवता म्हातारी झाली आणि गेल्या वर्षी वारली. जाण्यापूर्वी तिच्या मेंदूतली नियमस्मृती टिपून ठेवली होती. तीच आता स्मृतिरोपणानं, प्रयोगाला तयार झालेल्या भैरूत उतरवली होती.

"कोण भेटलं, काय घडलं, ती प्रसंगस्मृती," तिचा सहकारी डॉ. इरफान मुजावर तिला खोलीबाहेर नेऊन म्हणाला. "ती वेगळ्या जागी असते, आपण घेतलीच नाही. पण घोकून घोकून नियमाचीही सवयच होते, आणि सगळ्या सवयी एकाच जागी राहतात. बाईंचे नियम आणि हा हात एकत्र घोटले गेलेत. एक पुसलं की दुसरंही गेलं."

"सवय थांबते कशी?"

"खुणेनं. कुलूप लावून आपण ओढून बघतो. घट्ट लागलंय हे कळलं की हात सुटतो. या हाताची खूण काही सापडत नाही. उद्या पुसावंच लागेल, वैजयंती."

वैजयंतीला ती खूण ठाऊक होती. लहानपणी शिकवणीच्या वेळी ती आईशेजारी सतरंजीवर आडवी असे. आई पोरांकडून नियम घोकून घेई आणि डाव्या हातानं हिची पाठ थोपटून हिला झोपवी. तेवढाच काय तो लाड. आईनं कधी कुशीत घेतलं नाही. पहिला नंबर आला तेव्हाही 'अक्षर सुधार' एवढंच म्हणाली. आपण तिला नकोच होतो की काय, हा प्रश्न आई गेल्यावरही वैजयंतीच्या मानगुटीवरून उतरला नव्हता.

ती आत गेली आणि खुर्चीशेजारी जमिनीवर आडवी झाली. हात पाठीवर आला. बरोब्बर त्याच जागी!

आपल्याला झोप लागली की हात थांबणार, हे तिला कळत होतं. म्हणूनच ती डोळे ताणून जागी राहिली.

"झोपा की मॅडम," भैरू काकुळतीनं म्हणाला. "हात लई भरून आलाय."

या बिचाऱ्याच्या सुजल्या खांद्यावर आपण आई धरून ठेवलीय! वैजयंतीला लाज वाटली. तिनं डोळे मिटले.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि भैरूचा हात त्याच्या मांडीवर निपचित पडला होता.

"खूण मिळाली. आता पुसायला नको," मुजावर म्हणाला. "पण तू झोपल्यावर सवय संपली नव्हती. हे बघ."

त्यानं चित्रण लावलं. पडद्यावर वैजयंतीचा श्वास संथ झाला आणि थोपटणं थांबलं. मग भैरू वाकला. त्यानं दोन्ही तळवे तिच्या कपाळावरून, गालांवरून फिरवले, स्वतःच्या कानशिलांना लावले आणि कडाकडा बोटं मोडली. 'दृष्टबिष्ट काही नसतं' म्हणून पोरांना छडी दाखवणाऱ्या आठल्येबाई लेकीची अलाबला घेत होत्या.

"म्या न्हाई ओ केलं," भैरू ओशाळून म्हणाला. "हातच गेलं."

"एखाद-दुसऱ्या वेळी केल्यानं सवय होत नाही, वैजयंती," मुजावर म्हणाला. "हे रोजचं होतं."

वैजयंतीला हुंदका आवरेना. "मग मी जागी असताना का नाही गं?" तिनं भैरूच्या हाताकडे बघत विचारलं.

हात हलला नाही. त्याचं उत्तर प्रसंगस्मृतीत होतं, आणि ती आईबरोबर सरणावर गेली होती.