किसाची पोथी

पोळ्याच्या सकाळी दर्यापूरजवळच्या एका गावात देवळामागं जमिनीतून गाडगं निघालं. आत कापसात गुंडाळलेली पोथी! केशवराव कुळकर्ण्यानं ती चावडीवर खणखणीत वाचली.

पोथी म्हणे दोनशे वर्षांची. गावाला फौजेचा वेढा पडला, तेव्हा महादेवराव पाटलाच्या पूर्वजानं ढालीवर कणसं किसून मिरचीची फोडणी दिली. शत्रूचा सरदार तीन पातेली मक्याचा कीस हाणून जो झोपला, तो उठेपर्यंत त्याची फौज घरी पोचली होती!

हसायची सोय नव्हती. पोळ्याच्या गावजेवणाला कीस करायचा मान ज्या घराण्याचा, त्याचंच किसाचं शेत. मान आणि शेत आजवर पार्बताबाईच्या घराण्याचं; पोथी खरी, तर दोन्ही पाटलाचं. आजवर त्या तुकड्याला कुणी विचारत नव्हतं. विलायतेनं कापसाला सोन्याचा भाव दिला आणि मेल्यांना इतिहास आठवला.

"सांजेपर्यंत शेत सोड," पाटील गुरकावला.

शेजारीण आयशाबी पिंजारीण पुढं झाली. तिचं डोकं तापलं होतं.

"गाडगं कोनाले सापडलं?"

"माह्या गड्याले. बैलाचा खुंटा ठोकून राह्यला होता."

"तुमच्या घरी कापूस हाय, पाटील?"

"दिव्याच्या वातीपुरता बी नाही. अख्ख्या गावानं विकला. पन तुले कायले पाह्यजे?"

"पिंजारणीला पोथीतलं काय कळतं?" केशवराव फिस्कारला. "मागं माझी गादी भरलीस, चार महिन्यांत गुठळ्या झाल्या. तू शहाणपण शिकवणार?"

आयशाबीनं पोथीभोवतीचा कापूस उचलला. चिमटीत धरून ओढला. तट्कन तुटला. तिनं केशवरावाकडं असं पाहिलं की तो मागं सरकला.

"पाटील, हातानं सरकी काढली त धागा लांब राह्यते. हा पाहा. तुकडे तुकडे, वरून सरकीचा चुरा. हे अकोल्याच्या नव्या मशीनीचं काम. मशीन आली परसाली, पोथी म्हनते दोनशे वर्सं!"

"म्हणजे पाटलानंच..." कुणीतरी कुजबुजलं.

"नाही. मशीनीचा कापूस गावात एकानंच आनला. सस्ता भेटला म्हनून. मी तवाच म्हटलं होतं, याच्या गुठळ्या होतीन. आता गावात मूठभर कापूस नाही, मंग यानं सोताची गादीच फाडली. आना ते गादी, कुळकर्णी!"

केशवराव घाईनं पोथी गुंडाळू लागला. पाटलाचा चेहरा मात्र लाल झाला.

"खुंटा तिथंच ठोका, हे यानंच सांगतलं! शेत भेटलं त अर्ध्या वाट्यानं मले द्या म्हने! मले गावात हलकं केलं, भामट्या!"

गादी आणली. कोपरा उसवलेला होता. आतला कापूसही तसाच, तुटका.

दुपारी पंगत बसली. पार्बताबाई वाढत आली. पानापानावर वाफाळता कीस. केशवरावापाशी ती थांबली आणि त्याच्या कोऱ्या पानावर पोथी ठेवली.

"खा," ती म्हणाली. "शत्रूले चांगली झोप लागते म्हने."