मुक्कामी गाडीचा हॉर्न

तुमची मुक्कामांची यादी पाहिली. अक्षर डॉक्टरसारखं आहे, पण यादी चांगली केलीत. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, अंधार पडायच्या आत गाडी लावायची, जागा सपाट हवी आणि जवळ पाणी हवं, हे सगळं बरोबर. फक्त एक गोष्ट राहिली आहे. ती कागदावर लिहिण्यासारखी नाही, म्हणून तोंडी सांगतो. कंदील असू द्या तिथंच. हळू बोलतो, कारण माझी बायको, उषा, आमच्या गाडीत झोपली आहे. निदान पडली तरी आहे.

मी एकतीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर भोकरदनला घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापलीकडं मला काम उरलं नव्हतं. उषाला दमा. तिकडची डिसेंबरची थंडी तुम्हाला ठाऊक नाही. पहाटे तिची छाती अशी वाजायची, की शेजारच्या खोलीत मला जाग यायची. मागच्या हिवाळ्यात दोनदा तिला धावतपळत दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुढची थंडी हिला इथं काढू देऊ नका, दक्षिणेला कुठं तरी उबेत घेऊन जा. मी घाबरलो. खरंच घाबरलो. तिच्याशिवाय मला घरातला साखरेचा डबासुद्धा सापडत नाही.

म्हणून ही गाडी घेतली. एका शाळेची जुनी मिनीबस, जालन्याच्या गॅरेजात आतून मोकळी करून घेतली. झोपायला दोन बाकं, एक शेगडी, पाण्याची टाकी. पंधरा मुक्काम करत रामेश्वर गाठायचं. यादी अर्थातच मी केली, आणि पहिल्याच मुक्कामावरून आमचं वाजलं.

"आवो, आष्टीला तृप्तीकडं थांबू ना," उषा म्हणाली. तृप्ती तिची भाची. "पोरगी कव्हाची बोलवून राह्यली. तिच्या अंगणात गाडी बराबर मावती."

"पाव्हण्यांच्याच दारात झोपायचं तर येवढा खर्चा काहून केला? आष्टीच्या पुढं जागा हाये माझ्या माहितीची. चार वर्षं मुक्कामी गाडी नेली म्या तिथं."

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची फेरी. गावात जायचं, पारापाशी गाडी लावून तिथंच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. गावाचं नाव मी सांगत नाही. धरण झालं आणि ते गाव उठलं, एवढं पुरे.

तिथं मालनबाई नावाची म्हातारी होती. मुक्कामाच्या ड्रायव्हर-कंडक्टरला गावानं जेवू घालायची रीत. चार वर्षं मी तिच्याच चुलीवरची भाकरी खाल्ली. गाव हलायला लागलं तेव्हा चार घरं शेवटपर्यंत मागं राहिली होती, त्यांत तिचं एक. शेवटच्या फेरीला तुम्हाला सगळ्यांना घेऊन जातो, असा शब्द मी तिला दिला होता. त्या संध्याकाळी आष्टीच्या पुढं ओढ्याला पाणी आलं होतं, म्हणून मी गाडी तिथूनच माघारी वळवली. नियमानं बरोबरच होतं. पण खरं सांगू? पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं. पाऊस होता, मी दमलो होतो, मला झोपायचं होतं. उजाडेपर्यंत धरणाचं पाणी घरांवरून गेलं. ती माणसं रातोरात पुण्याकडं गेली असतील, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. सोळा वर्षं तेच म्हणत आलो.

मग तिथंच मुक्काम कशाला, असं तुम्ही विचाराल. एक रात्र त्या पारापाशी निवांत झोपलो तर डोक्यातला किडा निघून जाईल, असं मला वाटलं. उषाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दिवस मावळताना पोचलो. गाव पाण्याखाली. टेकाडावर पार आणि गाडी वळवायची जागा तेवढी शिल्लक. पाराचं लिंबाचं झाड वाळून गेलेलं. पाण्याला कुजलेल्या कडब्याचा वास येत होता. कुठं कुत्रं भुंकत नव्हतं, की रातकिडा बोलत नव्हता. आणि इथं माझ्याच हातानं घात केला. गाडी वळवून तिचं तोंड परतीकडं लावलं आणि दोन लांब हॉर्न दिले. मुक्कामाची गाडी आली हे गावाला कळावं म्हणून रोज द्यायचो, तसेच. ठरवून दिले नाहीत. हात आपोआप गेला.

"कोणाला हॉर्न देऊन राह्यले?" उषा हसली. "हितं चिटपाखरू न्हाई."

दूर पाण्यात काही तरी हललं. मी तिला दाखवलं नाही.

जेवलो, पडलो. उषाला हवा मिळावी म्हणून खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवल्या होत्या. किती वाजले होते देव जाणे, थप्प असा आवाज झाला. काही तरी खिडकीतून आत पडलं होतं. मग दुसऱ्या खिडकीतून. मग तिसऱ्या. मी बॅटरी लावली. माझ्या पायाशी ओला टॉवेल होता. शेगडीवर ओली टोपी. उषाच्या बाकाच्या कडेवर लुगड्याचा धडपा पसरलेला, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. तुम्ही एसटीनं फिरला असाल तर कळेल. गाडी फलाटाला लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात. जागा धरतात.

मी एकेक उचलून बाहेर फेकलं. फेकलेलं पुन्हा आत येत होतं. त्यांना घाई नव्हती.

"वामन डायवर..." फटीतून आवाज आला. म्हातारीचा. "हॉर्न दिला ना तुमी... मंग दार उघडा."

"ही गाडी एसटीची न्हाई... जागा न्हाई हिच्यात."

"त्या दिशी बी न्हवती का?"

मग दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर हात आपटायला लागले. गाडी डुलू लागली. उषा दचकून उठून बसली, तिची छाती वाजत होती. दाराची कडी मी स्वतः आतून घातली होती. ती हळूहळू सरकताना मी पाहिली. पुढं धावलो, सीटवर बसलो आणि स्टार्टर मारला.

गाडी किती भरली आहे हे ड्रायव्हरला मागं वळून बघावं लागत नाही. क्लच सोडताना कळतं. गाडी जागची उठेना. स्प्रिंगचे पाटे दबून टेकले होते. मागं एकटी उषा, आणि गाडी बाजाराच्या दिवशीसारखी भरलेली. पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत ती टेकाड उतरली. आरसा मी छताकडं वळवून टाकला. माझ्या मानेवर गार पाणी ठिबकत होतं.

"आवो..." मागून उषाचा आवाज आला. "ह्या बाई सरक म्हणून राह्यल्या..."

"सरकू नको! उषे, बिलकुल जागा देऊ नको!"

"म्हाताऱ्या हायेत वो... कव्हाच्या उभ्या हायेत."

माझी बायको अशीच. म्हाताऱ्या माणसाला तिनं गाडीत कधी उभं राहू दिलं नाही. मी ओरडत होतो, आणि मला ती बाकावर सरकल्याचं ऐकू आलं. "या, बाई," ती म्हणाली. त्यानंतर तिची छाती वाजायची थांबली.

ओढ्यावरून गेलो आणि गाडी एकदम हलकी झाली. स्टिअरिंग हातात नाचायला लागलं. सगळे उतरले असं मला वाटलं. तृप्तीच्या अंगणात गाडी लावली तेव्हा उजाडत होतं. मागं वळून बघायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. उषा बाकाच्या अगदी कडेला, अंग चोरून बसली होती. उरलेलं बाक रिकामं होतं, पण ओलं होतं.

"चला पुढं," ती हसून म्हणाली. "मला लई बरं वाटून राह्यलं."

दमा गेला. त्या दिवसापासून एकदाही औषधाचा पंप लागला नाही. लोक म्हणतात, दक्षिणेची हवा मानवली. रात्री मी तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकतो. छाती वाजत नाही. श्वासही वाजत नाही. पण ती हसते, बोलते, माझी वाट बघते, आणि मला तेवढं पुरतं. मला ती हवी आहे. कशीही हवी आहे. तुम्ही मला वाईट म्हणा.

ते बघा, आमच्या गाडीचं दार वाजलं. आता येईल इथं आणि तुमच्याजवळ बसेल. फार मायेनं बोलते. बोलता बोलता तुमच्या गाडीत किती जागा रिकाम्या आहेत ते विचारेल. सगळ्यांना विचारते. एकही नाही म्हणून सांगा. मागच्या मुक्कामाला शेजारच्या जोडप्यानं भाबडेपणानं सांगितलं, चार आहेत, मावशी. सकाळी त्यांची गाडी निघाली तेव्हा मी पाहत होतो. आत ते दोघंच बसले होते, सामानही फारसं नव्हतं, आणि गाडी मागून रस्त्याला टेकेपर्यंत दबली होती.