यादीत न आलेला कैकर

"अहो, तेवढा स्वेटर काढा."

मांजरीच्या बसथांब्यावर एका अनोळखी माणसाशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. एकोणऐंशीचा डिसेंबर, सकाळचे साडेसहा, आणि हा गृहस्थ लालभडक स्वेटर घालून पक्षी बघायला आलेला!

"थंडी आहे हो..."

"पक्ष्यांना लांबून दिसतो तो. आमचा रविवार फुकट जाईल."

त्याने मुकाट्याने काढला आणि नदीपर्यंत कुडकुडत चालला. नाव संपत, राहणार वाघोली, नोकरी बँकेत. मी पद्मजा, सदाशिव पेठेतली, शाळेत मास्तरीण. हुकूम सोडायची सवय.

पुढचे पाच रविवार तो न चुकता आला. धोबी पक्षी ओळखायला शिकला, तुतवार शिकला. उसाच्या बांधावर थर्मासमधला चहा आधी मला द्यायचा. दुर्बीण देता-घेता बोटं लागायची, की आम्ही दोघंही उगीचच नदीकडे बघायचो. मला आवडत होता तो, सांगून टाकते, त्यात काय! त्याला मात्र मी पत्ता लागू दिला नव्हता.

आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळात वही सांभाळणाऱ्या यज्ञेश्वरकाकांचा एक नियम होता. पक्षी दोघांनी पाहिला, तरच यादीत. एकट्याने पाहिलेला म्हणजे नुसत्या गप्पा. मला चार हिवाळे कैकर हवा होता – पाण्यात सूर मारून मासा उचलणारा शिकारी पक्षी. मांजरीच्या यादीत तो नव्हता. माझ्या नावाने लागावा, एवढीच हौस.

जानेवारीत तो आला. धुक्यातून सरळ पाण्यात, आणि मासा घेऊन वर... क्षणात उसापलीकडे दिसेनासा झाला. बाकीचे मागे रेंगाळले होते. माझ्या शेजारी फक्त संपत.

चहाच्या टपरीवर काकांनी वही उघडली. "कैकर? दुसरं कोण?"

"संपतराव होते ना," मी ऐटीत म्हटलं.

त्याने कप खाली ठेवला. "मी... नाही पाहिला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "शेजारी उभे होतात! डोळे काय घरी ठेवून आलात?"

"पाण्याचा आवाज ऐकला. पक्षी नाही दिसला."

"मग बघत काय होतात?" काकांनी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "यांच्याकडे."

टपरीवालासुद्धा हसला. काकांनी पेनाला टोपण लावलं. माझा कैकर गेला!

थांब्यापर्यंत मी तरातरा त्याच्या पुढे चालले. मग राहवेना. "हो म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही खूश झाला असता. पण मला दर रविवारी वाटलं असतं – हिला फसवलं आपण."

"हिला?"

"...तुम्हाला."

रडूही येत होतं आणि हसूही. कैकरासाठी जीव जळत होता, आणि तरी हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

"घरी माझ्यासाठी स्थळं बघतायत," मी म्हटलं. "सगळे गोड गोड बोलणारे. तुम्ही आज संध्याकाळी या."

"आज? आणि काय सांगू?"

"काकांना सांगितलंत, तेच."

तो खरंच आला. खुर्चीच्या कडेवर बसून बाबांना म्हणाला, "मी दर रविवारी मांजरीला जातो... पद्मजाताईंना बघायला."

आत मी कपाळाला हात लावला. ताई!

बाबांनी चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं. "त्यासाठी मांजरीपर्यंत कशाला जायचं? आमचं घर इथेच आहे."